नखावर थांबलेलं पाणी

आत्यांनी काउंटरवर मेडिकलची कागदी पुडी ठेवली आणि म्हणाल्या, “ही तुमची नखं. मोजून घ्या.”

पुडीत तीन नखं होती. गुलाबी, टोकाला बारीक चंदेरी रेघ. रेघ माझ्याच हातची. चार दिवसांपूर्वी आत्यांच्या भाचीच्या, प्राजक्ताच्या साखरपुड्यासाठी मी ती लावली होती. तीन आठवडे हलणार नाहीत, असं छातीठोक सांगून.

“एक तर चहात पडलं,” आत्या म्हणाल्या. “पावण्यांच्या म्होरं. व्हणारी सासू इच्यारती, साखरंतनं आलं का काय?”

प्राजक्ता अजून जिन्यातच होती. आमचं पार्लर मंचरला, पहिल्या मजल्यावर. खाली मालकिणीच्या घरचं कापडाचं दुकान. जिना चौदा पायऱ्यांचा. ती नवव्या पायरीवर बसली होती, भिंतीला डोकं टेकून.

“नाजूक हाय,” आत्या म्हणाल्या. “आन् थोडी आळशी.”

आमच्या मालकिणीला सगळे भाभी म्हणतात. त्यांचे आजेसासरे राजस्थानातून आले, पण भाभींची मराठी माझ्यापेक्षा शुद्ध. मी हिंगोलीकडची. स्वतःबद्दल ‘म्हणाले’ असं तोंडात येतच नाही, ‘म्हणलं’च येतं, आणि लिहितानाही तेच येईल. भाभींनी पुडी बघितली. मग माझ्याकडे बघितलं.

“कांचन, परत लावून दे. आत्ताच्या आत्ता. आत्या, तुम्ही चहा घ्या.”

“बिननखाचा द्या,” आत्या म्हणाल्या.

माझं काम नखांचं. नेल टेक्निशियन. लोकांना वाटतं, नेलपॉलिश लावायची बाई. पॉलिश हवेत वाळतं. जेल हवेत वाळत नाही. ते एका छोट्या दिव्याखाली हात धरून घट्ट करावं लागतं. घट्ट झालं की नखाला धरून बसतं. पण ते बसायचं तर आधी नख तयार करावं लागतं. मुळाजवळची पातळ कातडी मागे सारायची, वरची चकाकी हलकेच घासायची, तेलाचा अंश पुसायचा, मग चिकटण्यासाठी प्रायमर. या सगळ्याला आम्ही प्रेप म्हणतो. प्रेपमध्ये चुकलं की जेल कडेनं उचलतं. त्याला म्हणतात लिफ्टिंग. लिफ्टिंग झालं की दोष बाटलीचा, नाही तर हाताचा. कोर्समध्ये तरी आम्हाला एवढंच शिकवलं होतं.

कोर्स मी पुण्यात केला. भाभींनी पाठवलं. सातवीनंतर मी शाळेत गेले नाही. मावशी इकडे एका होस्टेलवर स्वयंपाकाला होती, तिच्या मागे आले. आधी पार्लरचा केर काढायचे, टॉवेल धुवायचे. एक दिवस भाभींनी माझ्या हातात नखं घासायची फाइल दिली आणि स्वतःचा हात पुढे केला. “घास. दुखलं तर सांगीन.” त्यांना दुखलं नाही. कोर्सहून आले तेव्हा खिडकीजवळ टेबल मांडलेलं होतं. अजून मी घरी निघताना त्या टेबलावरच्या दिव्याचं बटण दोनदा बघते. मिळालेली वस्तू जाते कशी, हे मी घरी बघितलेलं आहे.

पार्लरमध्ये भाभींचा एक नियम आहे. क्लायंटच्या अंगाबद्दल बोलायचं नाही. काळी, जाडी, पुटकुळ्या, केस गळतात, काही नाही. तिनं विचारलं तर सांगायचं, नाही तर हात चालवायचा. या नियमामुळेच कळंबपासून निरगुडसरपर्यंतच्या बायका आमच्याकडे येतात. घरी बोलणारे ढीगभर असतात, निदान इथे तरी कुणी बोलत नाही.

म्हणून त्या दिवशीही मी हात चालवला. प्राजक्ता समोर बसली. चोवीस वर्षांची, हसरी, बोलताना मध्येच दम घेणारी. निरगुडसरच्या बाजूला एका बालवाडीत शिकवायची. लग्न वीस दिवसांवर. मुलगा पिंपरी पेंढारचा.

मी नख घासलं तर ते माझ्या बोटाखाली लवलं. पोस्टकार्ड लवतं तसं. मला वाटलं, साखरपुड्याला मीच जास्त घासलं असेल. भीतीनं मी फाइल आणखी हलकी केली. बेस, म्हणजे जेलचा पहिला थर, लावला आणि दिव्याखाली हात ठेवायला सांगितला. दोन सेकंदांत तिनं हात ओढला.

“आई गं! भाजलं.”

जेल घट्ट होताना थोडं तापतं. जाड नखाला कळत नाही, पातळ नखाला चटका बसतो. मी म्हणलं, “सॉरी ताई. हात आत-बाहेर करत राहा.”

आणखी एक गोष्ट केली, ती सांगायला लाज वाटते, पण सांगते. तिची नखं मध्ये दबलेली होती. साखरपुड्याच्या वेळी मी पाहिलं होतं. मी काय केलं, तर बेस जेलचा एक थेंब जास्त टाकून खड्डा भरून काढला. वरून सपाट, गोंडस नख. आमच्या कामात याला हाताची सफाई म्हणतात. दुसऱ्यांदाही मी तेच केलं. खड्डा का आहे, असं विचारलं नाही. बुजवला.

आत्या भिंतीकडे बघत होत्या. तिथे प्राजक्ताचाच फोटो होता. दोन फोटो शेजारी शेजारी. एक जानेवारीतला, एक साखरपुड्याचा. खाली लिहिलेलं, ‘ब्रायडल ग्लो. पाच सिटिंग.’ दुसरा फोटो मीच काढला होता. जानेवारीत सावळी असलेली पोरगी पाच फेशियलमध्ये एकदम उजळली होती. भाभींनी तो मोबाइलवर स्टेटसला ठेवल्यापासून तीन नवऱ्या बुक झाल्या होत्या.

“तेवढं मात्र खरं,” आत्या म्हणाल्या. “नखं गेली चुलीत, पन पोरगी गोरी केलीसा. साखरपुड्यात सगळी म्हणत व्हती, लग्नाचं तेज आलंय.”

भाभी हसल्या. मीही हसले.

पाच दिवसांनी फोन आला. भाभींनी तो स्पीकरवर टाकला, कारण त्यांच्या हाताला मेंदी होती.

“चार गेली,” आत्या म्हणाल्या. “आता पुडीबी न्हाई आणत. भाभी, राग मानू नका, पन हिंगोलीच्या पोरीला नखाचं काय कळतंय? तिकडं नखं काय, मान्सं धड राहत न्हाईत. लग्नाला पुण्याची पोरगी बोलवा.”

फोन बंद झाला. भाभींनी मेंदीचा हात हवेत धरून हिशेब मांडला. “बाटली तीच. दिवा तोच. बाकी सगळ्यांची नखं जागच्या जागी आहेत. मग राहिलं काय?”

मी म्हणलं, “मी.”

“तसं मी म्हणाले नाही.”

“पण राहिलं तेच ना, भाभी.”

त्यांनी कोपरानं फोन बाजूला सारला. मग म्हणाल्या, “या एका लग्नापुरती पुण्याची मुलगी बोलावू. तू तेवढे दिवस थ्रेडिंग बघ. तुझं टेबल कुठे जात नाही.”

एकापुरतं म्हणून आलेली माणसं कशी राहतात, हे मला ठाऊक होतं. मीही मावशीकडे सुट्टीपुरतीच आले होते. त्या दिवशी माझ्या डोक्यात एकच बसलं. हात माझा चुकला असेल तर कबूल करायचं आणि शिकायचं. पण चुकला नसेल, तर कारण मला सापडलं पाहिजे. मी म्हणलं, “एकदा मला तिची नखं उघडी बघू द्या. काही न लावता. मग तुम्ही म्हणाल तसं.”

“उद्या ये म्हणते तिला. राहिलेलं जेल काढावंच लागेल.”

दुसऱ्या दिवशी आत्या खाली दुकानात मानपानाच्या साड्या बघत थांबल्या. प्राजक्ता एकटी वर आली. वर यायला तिला किती वेळ लागला ते मी घड्याळात बघितलं नाही, पण मी दोन जणींच्या भुवया करून मोकळी झाले.

मी राहिलेलं जेल भिजवून काढलं. बोटांना कापूस आणि फॉइल गुंडाळून ठेवावं लागतं, मग जेल मऊ पडतं. नखं पुसली. खिडकीचा पडदा बाजूला केला आणि पहिल्यांदाच नीट बघितलं.

नख गुलाबी नव्हतं. कागदासारखं पांढरट. दोन्ही कडा आणि टोक वर उचललेलं, मध्ये खोलगट. अंगठा आणि त्याच्या शेजारची दोन बोटं, तिन्ही तशीच. जेल सुटत का होतं ते क्षणात कळलं. नख खोलगट आणि लवचीक, त्यावर मी सपाट आणि कडक थर बसवत होते. ती भांडं घासायची, नख लवायचं, थर लवायचा नाही. सुटणारच. बाटली बरोबर होती. माझा हातही बरोबर होता.

मला हायसं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कारण असं नख मी आधी एकदा बघितलं होतं. माझंच.

शाळेत असताना मी पाटीवरच्या पेन्सिली खायचे. पांढऱ्या, मातकट वासाच्या. मार खाल्ला तरी सुटेना. वर्गात सगळ्यांच्या पेन्सिली नाहीशा व्हायच्या आणि सगळ्यांना चोर माहीत होता. तेव्हा गावात आरोग्य केंद्राच्या सिस्टर यायच्या. त्यांनी माझा अंगठा धरला, बाटलीच्या टोपणानं त्यावर पाण्याचा थेंब सोडला. थेंब तिथेच बसला. सिस्टर म्हणाल्या, “बाई, हे नख आहे का चमचा?” मग लोहाच्या गोळ्या दिल्या, रोज खाते की नाही बघायला घरी आल्या. काही महिन्यांनी नख सरळ झालं आणि पेन्सिलीचा वास नकोसा झाला. शाळा पुढे सुटली ती दुसऱ्या कारणांनी. पण शाळेतली ही एक गोष्ट माझ्या कामाची निघाली.

टेबलावर हात भिजवायचा बाऊल होता. मी बोट बुडवलं आणि प्राजक्ताच्या अंगठ्याच्या नखावर एक थेंब सोडला.

थेंब थांबला. हात जरा तिरपा केला, तरी थांबला.

“हे काय करताय ताई?” तिनं हसत विचारलं.

मी हळू म्हणलं, “पेन्सिली खाता का?”

तिचं हसू गेलं. तिनं आधी दाराकडे बघितलं. मग पर्स मांडीवर ओढून घेतली, जशी काही मी ती हिसकावणार होते. “कुणी सांगितलं?”

“कुणी नाही. मीपण खायचे.”

बालवाडीच्या बाईच्या पर्समध्ये पेन्सिलींचा पुडा असला तर कुणाला काय वाटणार? कुणालाच काही वाटलं नव्हतं. पोरांच्या पेन्सिली लवकर संपतात, असं ती घरी सांगायची. अर्धा पुडा तीच संपवायची. दीड वर्ष झालं. पाळी दहा-दहा दिवस चालायची, तेही दीड वर्ष. आईला सांगितलं तर ती म्हणाली, लग्न झालं की होतं सगळं नीट. जिना चढला की कानात धडधड ऐकू यायची.

“डॉक्टरला दाखवा,” मी म्हणलं. “आजच. इथून चार दुकानं सोडून बाईडॉक्टर आहेत.”

“लग्न झाल्यावर दाखवते.” तिनं माझा हात धरला. तिचा हात गार होता. “ताई, चौदाच दिवस राहिलेत. पिंपरी पेंढारला कळलं तर म्हणतील, आजारी पोरगी गळ्यात मारली. तुम्ही नखं तेवढी चिकटवा ना. तो खड्डा भरता तुम्ही, तसा भरा. बाकी मी बघते.”

खड्डा भरते हे तिला कळलं होतं. मला वाटलं होतं, कळलं नसेल.

जिन्यात आत्यांचा आवाज आला. साड्यांच्या किमतीवरून त्या जिन्याशीच भांडत होत्या. मला तेवढाच वेळ होता. नखं लावली असती तर पुण्याची मुलगी आली नसती. जास्त थर देऊन, कडा झाकून, लग्नाचे दोन दिवस मी ती टिकवलीही असती. ते मला जमत होतं. टेबल राहिलं असतं.

मी ब्रश बाटलीत ठेवला आणि टोपण लावलं.

“भाभी,” मी मोठ्यानं म्हणलं, “मी हिला नखं लावणार नाही. पुण्याच्या मुलीनंही लावू नयेत.”

भाभी एका बाईचे केस धूत होत्या. त्या हात पुसत आल्या. आत्या दारातच थांबल्या.

“लावणार न्हाई म्हंजे?”

“नखात दोष आहे. हिचं रक्त तपासायला पाहिजे.”

“कांचन,” भाभी हलक्या आवाजात म्हणाल्या. “नियम काय आहे?”

“माहीत आहे भाभी.”

आत्या आत आल्या. “तू डाक्टर लागून गेलीस व्हय गं? कितवी शिकलीस?”

“सातवी.”

“सातवी! बगा भाभी. चिकटवायला जमंना म्हनून आता आमच्या पोरीतच खोट काढती. रक्त कमी आसंल तर तोंडावर तेज कुठनं आलं? त्यो फोटू कुनाचा हाय मग?”

सगळ्यांनी भिंतीकडे बघितलं. मीही बघितलं. आणि मला तो फोटो पहिल्यांदा दिसला. ओठसुद्धा पांढरे होते. फोटो मी लिपस्टिक लावण्याआधी काढला होता ना. आम्ही पाच वेळा फेशियल केलं, आणि रंग उतरत गेला. रंग उतरला त्याला आम्ही उजळला म्हणलं. फ्रेम करून लावलं.

वाद घालण्यात मी कच्ची आहे. म्हणून मी बाऊल उचलला. म्हणलं, “आत्या, हात द्या.”

“कशाला?”

“द्या तर. पाणीच आहे.”

आत्यांचा हात कामाचा. नखं तुटकी, पण फुगीर. थेंब टाकला, तो कडेनं घरंगळून बोटावर गेला. भाभींनी न सांगताच हात पुढे केला. थेंब घरंगळला. केस धुवायला आलेली बाई डोक्याला टॉवेल गुंडाळून आली आणि म्हणाली, “माझाबी बघा.” तिचाही घरंगळला. मग मी प्राजक्ताचा अंगठा घेतला.

थेंब बसून राहिला. खिडकीतला उजेड त्याच्यात चमकत होता.

“माझं वय पंचावन,” आत्या शेवटी म्हणाल्या. “माझ्या नखावरनं गेलं की गं पाणी. हिच्या का जाईना?”

पेन्सिलींचं मी बोलले नाही. पाळीचंही नाही. ते तिचं होतं, नखाचं नव्हतं. पण प्राजक्तानं स्वतःच पर्स उघडली आणि पुडा टेबलावर ठेवला. बऱ्याच पेन्सिलींची टोकं कुरतडलेली होती. आत्यांनी एक उचलली, उलटीसुलटी केली. “ह्या पोरांनी खाल्ल्यात?”

“न्हाई आत्या. मी.”

भाभींनी अॅप्रन काढला. “चला. मी येते बरोबर.”

डॉक्टरबाईंनी प्राजक्ताची खालची पापणी ओढून बघितली, जीभ बघितली, नखं बघितली. थेंबाचं ऐकून त्या हसल्या, पण चेष्टेनं नाही. “नखावरून शंका घ्यायची, निकाल द्यायचा नाही,” त्या मला म्हणाल्या. “असं नख मार लागूनही होतं, कुणाचं जन्मापासून असतं. आधी रक्त बघू.” बोटाला ऑक्सिजन मोजायचं चिमट्यासारखं मशीन लावताना म्हणाल्या, “जेल काढून आणलंत ते बरं. रंगामुळे हे नीट वाचत नाही कधी कधी.”

संध्याकाळी रिपोर्ट आला. हिमोग्लोबिन साडेसहा. हिमोग्लोबिन म्हणजे रक्तातला लाल भाग, ज्याच्यामुळे श्वासातली हवा अंगभर पोचते. बाईचं बाराच्या खाली नसावं.

“ही मुलगी चालतेय कशी, हेच मला समजत नाही,” डॉक्टरबाई म्हणाल्या.

“चालती कुठं?” आत्या म्हणाल्या. “बसतीच की. पायरी पायरीला बसती.” आणि त्यांचा आवाज फाटला. “आन् आमी तिला वरीसभर आळशी म्हनतोय.”

लोह सलाईनमधून द्यायचं ठरलं, कारण गोळ्यांना वेळ लागतो आणि वेळ नव्हता. पाळीसाठी सोनोग्राफी, वेगळ्या गोळ्या. जेवणाबरोबर चहा बंद, चहानं लोह अंगी लागत नाही. पालेभाजीवर लिंबू. आणि लग्नाच्या दिवशी उपास अजिबात नाही. आत्या म्हणाल्या, नवरीनं अक्षता पडेपर्यंत उपाशी राहायचं असतं. डॉक्टरबाई म्हणाल्या, “मग अक्षता कुणावर टाकायच्या ते आधी ठरवा.”

पिंपरी पेंढारला प्राजक्तानंच फोन केला, दवाखान्याच्या बाकावर बसून. मुलाला सगळं सांगितलं, पेन्सिलींसकट. पलीकडून काय बोलणं झालं ते आम्हाला ऐकू आलं नाही. ती एवढंच म्हणाली, “विचारतोय, चव कशी असते.”

दोन दिवसांनी सासूबाई दवाखान्यात आल्या. प्राजक्ताला सलाईन चालू होतं. मी डबा घेऊन गेले होते, म्हणून मला ऐकायला मिळालं. “कळवलंत ते बरं केलं,” त्या आत्यांना म्हणाल्या. “चहात नख पडलं तवाच मी म्हनलं, पोरीचं काय तरी निसटतंय.” मग माझ्याकडे वळल्या. “नखं लावायची तूच का? नगं लावू. आमच्यात नखांनी भाकरी थापत न्हाईत.”

टोमणा होता की मोकळीक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

लग्न ठरल्या दिवशी झालं. मी हातावर फक्त मेंदी काढली. नखं उघडी ठेवली, छोटी कापून. मंगलाष्टकांच्या आधी आत्यांनी पदराआडून तिला शेंगदाण्या-गुळाचा लाडू भरवला. गुरुजींनी बघितलं आणि न बघितल्यासारखं केलं. प्राजक्ता पूर्ण वेळ उभी राहिली. मी मागे खुर्ची घेऊन तयार होते, ती लागली नाही.

सगळंच काही गोड झालं नाही. ‘त्या पार्लरमध्ये जाऊ नका, डॉक्टरकडे पाठवतात’ अशी बातमी पसरली. बुक झालेल्या तीन नवऱ्यांपैकी दोघी दुसरीकडे गेल्या. भाभींनी भिंतीवरचा फोटो काढला. तिथे चौकोनी डाग राहिला, तो अजून आहे. त्या मला शाबास वगैरे म्हणाल्या नाहीत. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी मी थ्रेडिंगच्या खुर्चीकडे गेले तर म्हणाल्या, “तिकडे कुठे? तुझ्या टेबलावर बस.” टेबलावर औषधाच्या बाटलीचा एक ड्रॉपर ठेवलेला होता. नवा. त्या म्हणाल्या, “जेलच्या आधी सगळ्यांच्या नखावर एक थेंब. नियम आहे.”

“आणि अंगाबद्दल बोलायचं नाही, तो नियम?”

“तोही आहे. तू बोलू नकोस. पाणी बोलेल.”

दिवाळसणाला प्राजक्ता माहेरी आली तेव्हा जिना चढून थेट माझ्या टेबलापाशी. रंग परत सावळा झाला होता, जानेवारीतल्यासारखा. छान दिसत होती. नखांवर टोकाजवळ आडवी खूण होती, जुनं नख संपून नवं सुरू होतं तिथे. नख मुळापासून टोकापर्यंत यायला पाच-सहा महिने लागतात. मागचा भाग गुलाबी आणि फुगीर, टोकाशी थोडासा चपटा. मी ड्रॉपरनं थेंब टाकला. तो घरंगळला, टोकाशी क्षणभर अडखळला आणि पडला.

“पुडा?” मी विचारलं.

“आहे की पर्समध्ये.” तिनं उघडून दाखवला. सगळ्या पेन्सिली अख्ख्या. “वास घेतला तरी मळमळतं आता.”

मग तिनं हात पुढे केला. “आता लावा. गुलाबी. चंदेरी रेघेची.”

मी प्रेप केला. हलका हात, पातळ थर, कुठेही काही बुजवलं नाही. दिव्याखाली तिनं हात ओढला नाही.

तेव्हापासून माझा क्रम ठरलेला आहे. जेल सुटलं की आधी बाटली बघायची. मग आपला हात बघायचा. आणि दोन्ही बरोबर निघाले तर समोरचीचा हात बघायचा. कोर्समध्ये पहिले दोनच शिकवतात.

तीन आठवड्यांनी आत्यांचा फोन आला. भाभींनी स्पीकरवर टाकला.

“ए हिंगोली,” आत्या म्हणाल्या, “आगं ही नखं निघंनात की! सासू म्हनती, पोरीला पीठ मळाय येईना. काय लावलंस काय तू?”